माझा आवाज तेवढा गेला

आमच्या लीड्सच्या घरामागचं गवत यंदा पुन्हा पिवळं पडलंय. बागेला नळी लावायची नाही, असं पाणीवाल्यांचं फर्मान आलंय. कुणी लावताना दिसलं तर शेजाऱ्यांनी कळवावं, असंही त्यात अगदी गोड भाषेत म्हटलंय. आमचे हे, म्हणजे आमचे डॉक्टर, नव्वदीला टेकलेत, तरी सकाळची आंघोळ झाली की टबातलं पाणी बादलीत भरून गुलाबांना घालायला निघतात. "अहो, जिन्यात पडाल," मी म्हणते. "गुलाब मरतील," ते म्हणतात. गुलाब पुन्हा लावता येतात, डॉक्टर येत नाहीत, पण ऐकतंय कोण! मग मीही चपला काढून त्या वाळक्या गवतावर जाऊन उभी राहते. तळव्यांना ते टोचतं, त्याचा भाजका, कडवट वास नाकात शिरतो आणि मी एकदम शहात्तर सालच्या, लंडनला लागून असलेल्या क्रॉयडनमध्ये जाऊन पोचते. ऑफिसचा सातवा मजला असतो आणि खिडकी उघडत नसते.

त्या उन्हाळ्याबद्दल इथली म्हातारी माणसं अजून बोलतात. जूनमध्ये ऊन पडलं तेव्हा सगळे खूश होते. इंग्रज माणसाला ऊन म्हणजे बोनस. ऑफिसातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत बागेत बूट काढून पडायच्या. पण जुलै आला, ऊन हटेना, आणि हळूहळू सगळ्यांचे चेहरे बदलले. हिरवळी करपल्या. घरांच्या भिंतींना तडे गेले, कारण खालची चिकणमाती आकसली होती. शेजारच्या सरे परगण्यातल्या माळांना आगी लागायच्या आणि धुराचा वास बसमध्ये, पडद्यांत, धुतलेल्या साड्यांत येऊन बसायचा. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे लेडीबर्ड किडे कुठून कुठून आले. ते खिडकीच्या काचेवर चालत राहायचे, बाहेरच्या बाजूने. आत येण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, हे त्यांनाही कळत असावं.

मी तेव्हा ज्या संस्थेत काम करत होते, ती आफ्रिकेतल्या खेडोपाडी दाखवायच्या फिल्मस्ट्रिपा बनवायची. आता ही गोष्ट कुणाला माहीत नसेल. फिल्मस्ट्रिप म्हणजे सिनेमा नव्हे, एकामागून एक स्थिर चित्रांची पट्टी. जीपच्या बॅटरीवर चालणारा प्रोजेक्टर, दोन झाडांमध्ये ताणलेली चादर, आणि सोबत एक टेप. टेपवर बाई बोलत असते आणि मध्येच "टुंग" वाजतं. टुंग वाजलं की प्रोजेक्टरवाल्याने पुढचं चित्र ओढायचं. उतारावरची माती पावसात कशी वाहून जाते, आडवे बांध कसे घालायचे, गवताचे पट्टे का राखायचे, डोंगरमाथ्यावरची झाडं तोडली की खालचा झरा का आटतो. ही सगळी चित्रं क्रॉयडनला काढली जात आणि टांझानियातल्या डोंगरात दाखवली जात. चित्रं इंग्रज मुलींची. स्वाहिली बोलणारी बाई मी.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मुळात स्टेशनरीचं कपाट होतं. फळ्या काढून भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली, छताला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक खुर्ची, एक माइक. पंखा चालत नसे, कारण पंख्याचा आवाज टेपवर येतो. दार लावून घ्यावं लागे, कारण टाइपरायटरचा आवाजही येतो. त्या उन्हाळ्यात त्या ब्लँकेटांच्या कपाटात बसून मी बायकांना सांगत होते, की मातीला उघडी ठेवू नका, तिला गवताची सावली द्या. माझ्या पाठीवरून घाम वाहत असायचा आणि सुती साडी खुर्चीला चिकटायची. बाहेर आले की ब्रायन पाण्याचा ग्लास पुढे करायचा. ब्रायन माझा साहेब. उंच, पडेल खांद्यांचा, भला माणूस. भल्या माणसांनी माझं आयुष्य भरलेलं आहे, आणि ही तक्रारच आहे असं समजा.

स्वाहिली मला कुणी शिकवली नाही. ती अंगणातली भाषा होती. माझे वडील, आप्पा, टांझानियातल्या टांगा बंदराच्या रेल्वे लाइनवर स्टेशनमास्तर होते. घरात रत्नागिरीची मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाहेर पाऊल टाकलं की स्वाहिली. तो देश स्वतंत्र झाला तेव्हा मी शिक्षिकेचं शिक्षण घेत होते, आणि मग मला उसांबाराच्या डोंगरात बायकांच्या गटांना शिकवायची नोकरी लागली. उभे चढ, अगदी माथ्यापर्यंत मका लावलेला. पाऊस पडला की वाटेवरून लाल पाणी धावायचं. ते पाणी नव्हतंच, ते त्यांचं शेतच खाली चाललेलं असायचं.

पण "माती वाचवा" म्हणायची सोय नव्हती. इंग्रज साहेबांनी पूर्वी तिथे जबरदस्तीने बांध घालायला लावले होते. घालणार नाही त्याला दंड. लोकांनी सोसलं तेवढं सोसलं आणि राज्य डळमळू लागलं तशी कुदळी घेऊन ते बांध सपाट केले. बांध या शब्दालाच तिथे शिवी चिकटली होती. मी पहिल्यांदा गेले आणि शिकून आलेल्या मुलीच्या उत्साहाने थेट मातीवर बोलायला लागले. बायका शांतपणे माझ्याकडे बघत राहिल्या, मग एकेक उठून गेली. कुणी भांडलं नाही. एकीची शेळी सुटली होती, दुसरीचं मूल रडत होतं. मैदान रिकामं झालं आणि मी खडू हातात धरून उभी.

मग कळलं, की मी नमस्कारच केला नव्हता. म्हणजे "हुजांबो" म्हटलं होतं, पण तो नमस्कार नव्हे. तिथली रीत अशी, की आधी सकाळची खबर विचारायची, मग घराची, मग मुलांची, मग शेताची. हबारी झा न्युम्बानी, घरची काय खबर? प्रत्येक प्रश्नानंतर थांबायचं. उत्तर "न्झुरी", म्हणजे चांगली, असंच येणार, घरात कुणी आजारी असलं तरी. पण ते "न्झुरी" कसं आलं, कुठे जड झालं, ते ऐकायचं. मग समोरची तुम्हाला तेच सगळं विचारणार. आपल्याकडे "काय, बरं आहे ना?" विचारून उत्तराची वाट न बघता माणूस पुढे जातो. तिथे अर्धी सकाळ त्यात जाते. पण ती अर्धी सकाळ संपेपर्यंत कुणाच्या शेताची कड ढासळली, कुणाला पाण्यासाठी किती लांब जावं लागतंय, हे सगळं आपोआप समोर येऊन बसतं. मग बांधाचं नाव मला काढावंच लागायचं नाही. त्याच म्हणायच्या, तू काहीतरी सांगणार होतीस ना, सांग.

तिथे घालवलेली वर्षं थोडी होती. पण माणसाला आपण कशासाठी जन्मलो ते एकदा कळतं म्हणतात ना, ते मला तिथे कळलं. मग पुण्याचं स्थळ आलं, डॉक्टर, विलायतेत नोकरी. आप्पा म्हणाले, "नशीब काढलंस." मीही तसंच समजले. लग्न झालं आणि मी क्रॉयडनला आले. मीनल झाली. ती शाळेत जायला लागल्यावर मी ही नोकरी धरली.

तर त्या उन्हाळ्यात आम्ही उसांबारासाठीच एक फिल्मस्ट्रिप करत होतो. ब्रायनने माझं स्क्रिप्ट वाचलं आणि पहिलं पानच लाल पेन्सिलने खोडलं.

"हे सगळे नमस्कार कशाला?" तो म्हणाला. "टेप महाग आहे. आणि चित्र काय दाखवायचं तेव्हा?"

"काही दाखवायचं नाही. रिकामी चादर राहू दे."

"रिकामी चादर बघून लोक उठून जातील."

"नमस्कार नाही केलात तर उठून जातील," मी म्हणाले. "मी बघितलंय."

तो म्हणाला, हे शक्य नाही. मग मात्र मी पेटले. मला नाही म्हटलेलं लहानपणापासून सोसत नाही. दिवसभर त्याच्या टेबलासमोरून हलले नाही. त्या बायका कशा उठून गेल्या, खडू हातात धरून मी कशी उभी होते, सगळं त्याला सांगितलं. शेवटी तो हसला आणि त्याने लाल रेघा रबराने पुसल्या. मी कपाटात गेले, दार लावून घेतलं आणि माइकला घरची खबर विचारली. थांबले. मुलांची विचारली. थांबले. किती थांबायचं ते घड्याळावर मोजलं नाही. डोळे मिटून एकेक तोंड आठवलं, तिला बोलू दिलं, मग पुढचा प्रश्न विचारला. बाहेर आले तेव्हा ब्रायन माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "ऑक्टोबरचा पाऊस धरून तू का जात नाहीस? टेप घेऊन, गावोगाव. टेप बंद पडली तर तू आहेसच."

तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान पाऊस, त्याला वुली म्हणतात. बांध घालायचे, गवत लावायचं ते त्याच्या आधी आणि त्याच्या सोबतीने. म्हणजे वुलीपूर्वी पोचायला हवं होतं. मी घरी कशी आले आठवत नाही. संध्याकाळी हे पेपर वाचत बसले होते.

"किती दिवसांसाठी?" ह्यांनी विचारलं.

"पाऊस संपेपर्यंत. नाताळला परत."

"जा ना," हे म्हणाले आणि पान उलटलं. "मीनलचं बघू आपण काहीतरी. जा."

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या रात्री मी ह्यांना पुऱ्या केल्या, तशा उकाड्यात.

आता पासपोर्टाचं सांगायला हवं. माझा पासपोर्ट ब्रिटिशच होता, पण त्यातही दोन जाती असतात. एक इथे जन्मलेल्यांचा, ज्याला कुठेही जाऊन परत येता येतं. दुसरा आमच्यासारख्यांचा, म्हणजे राणीच्या राज्यात जन्मलो खरे, पण लांबच्या खोलीत. बाहेर गेलं तर परत आत घेतील की नाही, ते आधी विचारून, शिक्का मारून घ्यावा असा सल्ला सगळ्यांनी दिला. व्हिसाची सरकारी कचेरी क्रॉयडनलाच, आमच्या ऑफिसच्या रस्त्यापलीकडे. जुलैत मी पासपोर्ट तिथे दिला. काउंटरवरचा माणूस फार सभ्य होता. म्हणाला, "यावर काम होईल, मॅडम."

आणि मग काहीच झालं नाही. माझ्या टेबलावरून ती इमारत समोर दिसायची. एकसारख्या खिडक्या, रांगेवर रांग, त्यातल्या कुठल्यातरी एका खिडकीमागे एखाद्या ट्रेमध्ये माझा पासपोर्ट पडलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा डोळ्यांसमोर होता आणि हात बांधलेले होते. ब्रायन सकाळी आला की खिडकीपाशी उभा राहून "गुड मॉर्निंग, पासपोर्ट" म्हणायचा. आधी मी हसायचे. जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून विचारायला जायचे. रांगेत माझ्यासारखेच लोक, मांडीवर कागदांच्या पिशव्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही, जणू दुसऱ्याचं दुर्दैव आपल्याला लागेल. नंबर आला की तोच सभ्य माणूस म्हणायचा, "ते बघितलं जातंय." कोण बघतंय, कधी बघून होणार, काही नाही. त्याने माझ्यावर आवाज चढवला असता तर मी भांडले असते. तो हसून "थँक यू फॉर युअर पेशन्स" म्हणायचा. माझ्याकडे पेशन्स नव्हता, दुसरं काही नव्हतं म्हणून उभी होते.

इकडे सगळ्या देशालाच शिकवणी लागली होती. पाणी वाचवा. टॉयलेटच्या टाकीत वीट टाका. दोघांनी एका टबात आंघोळ करा. मला गंमत वाटायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि पाषाण खरोखरच कोरडे पडलेले. आफ्रिकेतली अडाणी माणसं ऐकत नाहीत म्हणून आमच्या संस्थेच्या कमिटीत उसासे टाकणारे लोक स्वतः तिन्हीसांजेला हळूच नळी काढायचे. पोस्टरने कुणी बदलत नाही, इथे नाही आणि तिथेही नाही. पोस्टर बघून माणसाला पहिलं काही वाटत असेल तर हेच, की मला कोण सांगणार.

आमच्या शेजारच्या मिसेस पार्किन रोज संध्याकाळी नळी लावायच्या. भिंतीकडेच्या त्यांच्या स्वीट पीजच्या फुलवेली तेवढ्या सगळ्या रस्त्यात हिरव्या होत्या. समोरच्या घरातले त्यांची तक्रार करणार, अशी कुजबुज होती. एका संध्याकाळी मी भिंतीपाशी गेले आणि पाण्याचं काही बोलले नाही. कशा आहात विचारलं आणि थांबले. झोप लागते का विचारलं आणि थांबले. बाई आधी गोंधळल्या. इथे कुणी उत्तरासाठी थांबत नाही. मग त्यांनी नळी खाली ठेवली.

"हे माझ्या नवऱ्याने लावलेत," त्या म्हणाल्या. "बिया त्याने पेरल्या आणि मार्चमध्ये तो गेला. यांनाही मरू देऊ का मी?"

मी म्हटलं, नका देऊ. दुसऱ्या दिवसापासून आमच्या टबातलं पाणी मी भिंतीवरून त्यांना द्यायला लागले. नळी बंद झाली. साबणाच्या पाण्यानेही वेलींना फुलं आली. मला तेव्हा इतका आनंद झाला, की घरात येऊन मी रडले. मला माझं काम येत होतं. अजून येत होतं. आणि ते करायला मला चार हात लांबीची एक विटांची भिंत तेवढी मिळाली होती.

ऑगस्टमध्ये तर हवाच हलेना. बसच्या वरच्या मजल्यावर बसले की जीव घाबरा व्हायचा. घराच्या खिडक्या उघड्या ठेवून उपयोग नव्हता, धूर आत यायचा. मीनल विचारायची, "आई, तू कधी जाणार?" आणि मी म्हणायचे, "पासपोर्ट आला की." हे हॉस्पिटलातून आले की बूट काढता काढता विचारायचे, "आला का पासपोर्ट?"

"नाही."

"येईल."

त्या "येईल"मध्ये काहीतरी हलकं होतं. चिंता नव्हती. बिछान्यावर पडल्यावर मला वाटायचं, तो आला नाही तरी ह्यांचं काही अडत नाही. मग स्वतःलाच रागवायचे, की माणूस जा म्हणतोय आणि तू संशय घेतेस. आज इतक्या वर्षांनीही मला ते हलकंच ऐकू येतं.

शेवटी सरकारने दुष्काळासाठी एक वेगळा मंत्री नेमला आणि काही दिवसांत धो धो पाऊस आला. वरातीमागून घोडं, पण निदान नाचत आलं. लोक रस्त्यावर भिजत उभे राहिले. ऑफिसातल्या मुली ओरडत खाली धावल्या. मी वर काचेपाशी उभी होते. काच उघडत नसल्यामुळे पहिल्या पावसाचा वास सुद्धा मला आला नाही. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवरून पाणी ओघळत होतं, सगळ्यांवरून सारखंच.

सप्टेंबर संपला आणि ब्रायन म्हणाला, आता आणखी थांबता येणार नाही. कुणीतरी गेलंच पाहिजे. तो स्वतः निघाला. मी त्याला नमस्कार शिकवले. त्याचं "हबारी" शिंकेसारखं यायचं. तो विमानाने गेला तेव्हा त्याच्या बॅगेत सदऱ्यांच्या घडीत ती टेप होती. मी नव्हते. माझा आवाज तेवढा गेला.

पासपोर्ट नोव्हेंबरमध्ये आला. पोस्टमनने सही घेतली, पाकीट दिलं. आत शिक्का मारलेला होता, शाई स्वच्छ, हवी होती तशी परवानगी. कसलीही चूक नाही, कसलाही खुलासा नाही. मी तो स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवला आणि कुकर लावला.

नाताळच्या आधी ब्रायन परतला, बारीक होऊन, नाक भाजून. म्हणाला, उत्तम झालं, कुणी उठून गेलं नाही, रिकाम्या चादरीसमोरही बसून राहिले. ज्यांनी पैसे दिले त्यांना ऐकवायला म्हणून त्याने एका गावात कार्यक्रम चालू असताना छोट्या कॅसेटवर रेकॉर्ड केलं होतं. ते त्याने टेबलावर ठेवून लावलं. "सॉरी," तो म्हणाला, "बायका मध्येमध्ये बोलतायत. मला काही त्यांना गप्प करता आलं नाही."

आधी रातकिडे ऐकू आले. मग कुणाचं तरी मूल. मग माझा आवाज, कपाटातला, नितळ: घरची काय खबर? आणि बायकांचा घोळका: न्झुरी. मुलांची? न्झुरी. शेताची? इथे थोडं जड आलं, मला ऐकू आलं. माझ्या थांब्यांत त्यांची उत्तरं अगदी नीट बसली होती. आणि मग त्यांची पाळी आली. रीतच आहे ती. एक म्हातारी म्हणाली, "आणि तू, मुली? तुझ्या घरची काय खबर?" दुसरी म्हणाली, "तुझ्या मुलांची?" पण तोवर टुंग वाजलं होतं आणि माझा आवाज सांगत होता, की आज आपण मातीविषयी बोलणार आहोत. म्हातारीने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. माझा आवाज पुढे चालला. तिसरी कुणीतरी हसून म्हणाली, "अगं, ती लांब आहे. तिला ऐकू येत नाही." मग म्हातारी, अगदी माइकजवळ येऊन, "उताकुजा लिनी?" तू कधी येणार?

"काय म्हणतेय ती?" ब्रायनने विचारलं.

"माझी चौकशी करतेय," मी म्हणाले.

त्याने कॅसेट थांबवली. मग हळू आवाजात म्हणाला, मार्चमध्ये मोठा पाऊस आहे. आता पासपोर्ट आहे. जा.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ह्यांच्याकडेही बातमी होती. लीड्सच्या हॉस्पिटलात कायमची जागा मिळाली होती, फेब्रुवारीपासून. सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्यांची वणवण संपली होती. ह्यांचा चेहरा उजळला होता, आणि तो आनंद खरा होता, वर्षानुवर्षं राबून मिळवलेला.

"मग मार्चचं काय करायचं?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी कशाला अडवू?" हे म्हणाले. "नवं घर, मीनलची नवी शाळा, ते काय, होईल. तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही."

मी वाट बघितली. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "जाऊ नकोस" म्हणाले असते तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, दिवसभर घोकलेलं. "मला जड जाईल" म्हणाले असते तर त्यालाही उत्तर होतं. पण हे काहीच म्हणाले नाहीत. ओट्यावर हात टेकून मी उभी राहिले आणि ढकलायला समोर काही सापडेना.

"बघू," मी म्हणाले.

फेब्रुवारीत लीड्सला आलो तेव्हा बर्फ होतं. मार्चमध्ये मी पडदे शिवत होते. तिकडे मोठा पाऊस सुरू झाला असणार, हे मला कॅलेंडर न बघता कळत होतं. सुई चालवताना हात मध्येच थांबायचा. म्हातारीचा प्रश्न कानात यायचा आणि शिवणाच्या मशीनच्या आवाजात मी तो बुडवून टाकायचे. पुढे इथे शाळेत नोकरी केली, बरी केली. मुलांना बागेत गांडुळं दाखवली. ब्रायनची कार्डं यायची. टेप अजून चालते, तो लिहायचा, झिजली म्हणून कॉपी काढली. म्हणजे मी तिथे बोलत होते, वर्षानुवर्षं, तेच प्रश्न, तेच थांबे, आणि दरवेळी कुणीतरी मला माझ्या घरची खबर विचारत असणार.

परवा मीनलची मुलगी तारा लंडनहून आली होती. ती पर्यावरण शिकते. तिची मराठी मोडकी आहे, पण हट्टाने बोलते. जेवताना तिने तिच्या अभ्यासातलं काही सांगितलं, जंगलं, पूर्व आफ्रिका, बायकांचे गट, आणि मी सहज म्हणून गेले, हे मी करत होते. तिने चमचा खाली ठेवला. मग सगळं विचारून घेतलं, क्रॉयडन, कपाट, टेप.

"पण आजी, मग तू परत का नाही गेला? पासपोर्ट तर आला होता."

मी काही बोलायच्या आत हे बोलले, वरणात भात कालवत, अगदी प्रेमाने. "अगं, जाऊ शकली असती ती. मी कधीही अडवलं नाही तिला. विचार तिलाच."

तारा माझ्याकडे बघायला लागली. हेही बघायला लागले, जरा अभिमानाने, जन्मभर ज्याने बायकोला कशाला नाही म्हटलं नाही त्या माणसाच्या अभिमानाने. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"खरं आहे ते," मी म्हणाले. "अडवलं असतं, तर मी गेले असते."